एरंडेल घेण्यापूर्वी

पावसाळा सरला की आपल्याकडे अनेक घरांत ‘पोट साफ’ करण्यासाठी सुंठीच्या काढ्यातून एरंडेल घेतात. आयुर्वेदाने शरद ऋतूत विरेचन सांगितले आहे खरे, पण ते वैद्याने प्रकृती पाहून द्यायचे. बालक, वृद्ध व गर्भिणींना नव्हे. पोटात दुखत असताना तर एरंडेल मुळीच घेऊ नये. दुखणे अपेंडिक्सचे असल्यास ते फुटण्याचा धोका वाढतो, आणि तळीयेहून महाड गाठण्यात वेळ जातो. जुलाब थांबेनात, तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट पाजावे. लघवी कमी झाली वा ग्लानी आली, तर तडक दवाखान्यात न्यावे. एरवी शरीर स्वच्छ ठेवायला यकृत व मूत्रपिंडे समर्थ आहेत.