मानवी हक्क आयोगाकडे तक्रार : दारातच फेटाळली जाऊ नये म्हणून

युरोपातल्या माणसाला आपल्या सरकारविरुद्ध स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयात जाता येतं. आशियाला असं न्यायालय नाही. रत्नागिरीकराला जवळचं दार मुंबईतल्या महाराष्ट्र राज्य मानवी हक्क आयोगाचं. अन्याय खरा असला तरी तक्रार नियमात बसली नाही, तर आयोग चौकशीच करत नाही. म्हणून अर्ज लिहिण्याआधी पुढच्या गोष्टी तपासून घ्या.

१. तारीख मोजा. १९९३ च्या मानवी हक्क संरक्षण कायद्यानुसार घटनेपासून एक वर्ष उलटलं की आयोगाला चौकशी करता येत नाही. १८ एप्रिल २०११ ला साखरीनाट्यात जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पविरोधी आंदोलकांवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात एक तरुण गेला. त्या गोळीबाराबद्दलच्या तक्रारीची मुदत एप्रिल २०१२ मध्ये संपली. स्ट्रासबर्गला आधी देशातले सगळे उपाय करून यावं लागतं आणि मुदत अंतिम निकालापासून धरतात. आपल्याकडे ती घटनेपासूनच धावते. साहेबांच्या उत्तराची वाट पाहत बसलात, तरी ती थांबत नाही.

२. तक्रार कोणाविरुद्ध, ते ठरवा. ती लोकसेवकाविरुद्धच हवी. शेजाऱ्याने मारलं तर ते आयोगाचं काम नव्हे. पण मार चालू असताना पोलीस हात बांधून उभे राहिले, तर त्या हलगर्जीपणाची तक्रार चालते. जमिनीचे वाद आणि नोकरीतली गाऱ्हाणी आयोग सहसा घेत नाही.

३. आयोग निवडा. राज्याचे पोलीस, कारागृह, सरकारी रुग्णालय यांच्याविरुद्ध मुंबईला लिहा. रेल्वे केंद्राचा विषय, तिथे दिल्लीचा राष्ट्रीय आयोग. दोन्हीकडे एकदम अर्ज करू नका.

४. कोर्टाचं पाहा. तोच विषय न्यायप्रविष्ट असेल, तर आयोग सहसा हात घालत नाही.

५. मजकूर लिहा. मराठी चालतं. ‘पोलिसांनी फार छळ केला’ एवढ्याने भागत नाही. ‘१२ जूनला रात्री नऊच्या सुमारास अमुक ठाण्यात हवालदाराने माझ्या भावाच्या तळपायांवर पट्ट्याने मारलं; १३ तारखेचा वैद्यकीय दाखला सोबत आहे’ असं लिहा. पीडिताच्या वतीने दुसरं कोणीही अर्ज करू शकतं, मात्र नाव, पत्ता आणि सही हवीच. निनावी अर्ज घेत नाहीत.

६. पाठवा. पत्ता : ९, हजारीमल सोमाणी मार्ग, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर, मुंबई ४००००१. फी नाही, वकीलही लागत नाही. मूळ कागद घरी ठेवा, प्रती जोडा, टपालाची पावती जपा.

आयोग भरपाईची किंवा खटला भरण्याची शिफारस करतो, शिक्षा देत नाही. मुदत हुकली असेल, तर रत्नागिरीच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि कोठडीतल्या व्यक्तींना तिथे उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. उच्च न्यायालयात दाद मागायची, तर ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरीकरांसाठी कोल्हापूरचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) सुरू झालं आहे.