तीन वेळा ‘हो’

निवृत्तीनंतर दीड वर्ष मंडळीच्या सेवेसाठी आम्ही सुरतला निघालो, तेव्हा नगरमध्ये जो तो एकच विनोद करायचा, “काय, सुरत लुटायला का?” हे हसून म्हणायचे, “आता कसली लूट? उतारवयातली सेवा.” हे एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, मी झेडपीच्या शाळेतली बाई. यांचं वय ६४, माझं ६१. प्रार्थना भरपूर केली, लोणच्याच्या बरण्या बांधल्या आणि तयारी झाली असं समजलो. पेत्र तीन वेळा ‘नाही’ म्हणून चुकला. आम्ही तीन वेळा ‘हो’ म्हणून चुकलो. पुढे जाणाऱ्या जोडप्यांसाठी ते तीनही ‘हो’ इथे सांगते.

सुरतेच्या उधना-लिंबायत भागात खानदेशातून आलेली मराठी कुटुंबं पुष्कळ. पुरुष संचाखात्यावर, म्हणजे यंत्रमागावर, बारा-बारा तासांच्या पाळीत, बायका घरी साड्यांवर टिकल्या चिकटवतात. त्यातली काही ख्रिस्ती घरं रविवारी मराठी उपासनेला जमतात. पाळक एकटे पडत होते. शब्बाथ शाळा, घरसभा आणि आजाऱ्यांच्या भेटी एवढं आमच्याकडे आलं.

पहिला ‘हो’ खोली बघताना. मालकीणबाई गुजराती. जिन्याच्या तोंडाशी उभ्या राहून त्यांनी विचारलं, “त्रीजे माळे, फावशे?” आपल्याकडे ‘फावतं’ म्हणजे सवड मिळते. मला वाटलं, वर येऊन बघायला वेळ आहे का असं विचारतायत. मी म्हटलं, “हो हो, आता फावतंच फावतं!” त्यांनी तिथेच किल्ली हातात ठेवली. गुजरातीत ‘फावशे’ म्हणजे चालेल ना, जमेल ना. तिसरा मजला, लिफ्ट नाही आणि माझे गुडघे! भरलेली पिशवी घेऊन दुसऱ्या मजल्यावर टेकले, की रोज तो शब्द आठवायचा. १८१५ मध्ये लंडन मिशनरी सोसायटीचे स्किनर आणि फायवी याच सुरतेत आले. त्यांनी भाषा शिकून बायबल गुजरातीत आणलं. आम्ही मात्र ‘हिंदीवर भागतं’ म्हणून निघालो होतो. बाजारात भागलंही. पण मालकीण, दवाखाना, रिक्षा सगळं गुजरातीत आणि आमच्याच माणसांच्या घरात अहिराणी. ‘आहे’ला ‘शे’ म्हणतात, इथपासून माझी शाळा सुरू झाली. निघण्याआधी दोन महिने तरी गुजरातीला द्या. खोली स्वतः चढून बघा.

दुसरा ‘हो’ चहाचा. यांना मधुमेह. पाळी सुटायच्या वेळेला घरसभेला निघायचं, तर एका संध्याकाळी चार-पाच घरं व्हायची. प्रत्येक घरी चहा, साखर पडलेला, बशीत ओतून पुढे केलेला. गरिबाच्या घरचा चहा नाकारायचा कसा? हे घेत गेले. चौथ्या महिन्यात चपलेने अंगठ्याला चावा घेतला. जखम भरेना, म्हणून तपासलं तर उपाशीपोटी साखर २४०. डॉक्टरांनी यांच्याऐवजी मलाच झापलं, आणि बरोबर झापलं. पुढच्या घरसभेत मी उभी राहून सगळ्यांसमोर सांगितलं, “काकांना साखर आहे, चहा चालणार नाही.” कुणाला राग आला नाही. उलट दुसऱ्याच आठवड्यात एका घरी यांच्यासाठी पेलाभर ताक तयार होतं. आपण उगीच लाजत होतो. निघताना तीन महिन्यांच्या गोळ्या, जुने रिपोर्ट बरोबर घ्या आणि नव्या गावातला डॉक्टर ठरवून जा. आजाराचं पहिल्याच दिवशी सांगून टाका.

तिसरा ‘हो’ सगळ्यांत महागात पडला. संचावर काम करणाऱ्या एका तरुणाने खोलीच्या डिपॉझिटसाठी आठ हजार मागितले, दोन महिन्यांत फेडतो म्हणाला. आमची पेन्शन आलेली होती, दिले. दोन महिने झाले आणि तो उपासनेला यायचा थांबला. मग बायकोही येईना. त्यांची धाकटी माझ्या वर्गात सगळ्यांआधी वचन पाठ करायची, तिची जागा रिकामी राहू लागली. एकदा भाजीबाजारात तो समोरून आला आणि मान फिरवून गेला.

दिल्याची बातमी मात्र आठ दिवसांत गल्लीभर झाली होती. आणखी चार जण मागायला आले. सुरतेत अशी बातमी फार पूर्वीपासून फिरते. १६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराजांनी सुरत लुटली, तेव्हा फ्रेंच कॅप्युशिन पाद्री फादर अँब्रोज यांना त्रास दिला नाही, आणि डचांच्या एका मृत दलालाचं घर तो हयातीत दानधर्मी होता म्हणून वगळलं, असं बर्निए हा फ्रेंच प्रवासी लिहून गेला आहे. कोणाचा हात सैल आहे हे या शहरात लपत नाही. म्हणून उसने पैसे कुणालाच देऊ नका. द्यायचं ते मंडळीच्या पंचांमार्फत, शाळेची फी असेल तर थेट शाळेत. आणखी एक, गुजरातेत आमिषाने धर्मांतराला बंदी घालणारा धर्मस्वातंत्र्याचा २००३ चा कायदा आहे, २०२१ मध्ये तो आणखी कडक झाला. मदत एकीकडे आणि प्रार्थना दुसरीकडे, अशी शिस्त ठेवा. ती कायदा नसता तरी ठेवायला हवी होती.

मी त्या तरुणाच्या घरी जाऊन आले. टिकल्यांच्या गोंदाचा वास, मांडीवर अर्धी झालेली साडी, बायकोने वर बघितलंच नाही. म्हटलं, “पैसे विसरा, पोरीला पाठवा.” पोरगी आली. तो शेवटपर्यंत आला नाही.

उरलेलं वर्ष बरं गेलं. सोमवार सुट्टीचा ठरवला, त्या दिवशी फोन बंद. हे मुलांना गणित शिकवू लागले, मी बायकांत बसू लागले. दोघांची कामं वेगळी झाल्यावर आमची भांडणंही निम्मी झाली.

निघायच्या दिवशी मालकीणबाई जिन्याच्या तोंडाशीच उभ्या होत्या. म्हणाल्या, “पाछा आवजो. फावशे ने?”

मी म्हटलं, “फावशे. पण भोंयतळिये.”