टाकीतले पाणी जाते कुठे?



प्रयोगशाळेत निळा लिटमस कागद आम्लात बुडवला की तो तांबडा होणार, हे तुम्हांला आधीच ठाऊक असते. गुरुजींना तर असतेच. कित्येकांच्या प्रयोगवहीत निष्कर्ष आदल्या रात्रीच लिहून तयार असतो! अशा प्रयोगांनी हाताला वळण लागते, ते आवश्यकही आहे. पण ज्याचे उत्तर कोणाच्याच वहीत नाही असा प्रश्न समोर आला, तर तो कसा सोडवायचा?

या प्रश्नाचा ध्यास रेजिनाल्ड रेव्हन्स (१९०७–२००३) या इंग्रज गृहस्थांनी घेतला होता. ते मूळचे भौतिकीचे अभ्यासक. १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये त्यांनी लांब उडीतही भाग घेतला होता! केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत काम करताना त्यांनी एक गोष्ट पाहिली. तेथील मोठमोठे शास्त्रज्ञ एकत्र जमत आणि आपले काम कोठे अडले आहे ते मोकळेपणाने एकमेकांना सांगत. आपल्याला काय येते याची फुशारकी तेथे चालत नसे.

पुढे ब्रिटनमधील कोळशाच्या खाणींत प्रशिक्षणाची जबाबदारी रेव्हन्स यांच्याकडे आली. खाणीत छत कोसळते, वायूचा स्फोट होतो. व्यवस्थापकाची चूक खाली काम करणाऱ्यांच्या जिवावर बेतू शकते. खाणींच्या व्यवस्थापकांना बाहेरच्या तज्ज्ञांची व्याख्याने ऐकवण्याऐवजी रेव्हन्स यांनी निराळीच सूचना केली. व्यवस्थापकांनी लहान गट करावेत, प्रत्येकाने आपल्या खाणीतील खरी अडचण मांडावी, इतरांनी प्रश्न विचारावेत. मग आपल्या खाणीत जाऊन काही करून पाहावे आणि काय घडले ते गटाला येऊन सांगावे. या पद्धतीला पुढे ‘ॲक्शन लर्निंग’ हे नाव मिळाले. आपण तिला कृतिशिक्षण म्हणू. रेव्हन्स यांनी तिचे एक छोटे समीकरणही मांडले होते : शिकणे = पुस्तकातील ज्ञान + प्रश्न.

आता हीच रीत तुमच्या शाळेत वापरून पाहू. समजा, शाळेची पाण्याची टाकी सकाळी भरते आणि दुपारच्या सुट्टीपर्यंत रिकामी होते. त्यामुळे शेवटच्या तासांना मुले तहानलेली बसतात, स्वच्छतागृहात पाणी नसते. पाच-सहा जणांचा गट करा. एकाने अडचण सांगायची. बाकीच्यांना एकच बंधन : सल्ला द्यायचा नाही, फक्त प्रश्न विचारायचे.

हे दिसते तितके सोपे नाही. लगेच कोणीतरी म्हणेल, ‘‘नळ ठिबकतो, तो दुरुस्त करा.’’ दुसरा म्हणेल, ‘‘पाणी जपून वापरा अशी पाटी लावा.’’ थांबा! हे दोन्ही सल्ले झाले. त्याऐवजी एखादीने विचारले, ‘‘शाळा बंद असताना टाकीतले पाणी कमी होते का?’’ तर हा प्रश्न फार मोलाचा आहे. रात्री पाणी वापरणारे कोणी नसते. तरीही पातळी उतरली, तर पाणी गळते आहे हे नक्की. उतरली नाही, तर सारा दोष वापराचा.

मग कृती करा. संध्याकाळी ६ वाजता टाकीत पाणी असू द्या आणि पातळी मोजा. टाकीवर चढायचे काम शिपाईकाकांवर सोपवा, तुम्ही आकडे टिपा. सकाळी ८ वाजता, टाकी भरण्याआधी, पुन्हा मोजा. टाकी १ मीटर लांब आणि १ मीटर रुंद असेल, तर पातळी १ सेंटिमीटर उतरणे म्हणजे १० लिटर पाणी जाणे. समजा, ती १२ सेंटिमीटर उतरली. म्हणजे १२० लिटर गेले!

हे सारे त्या ठिबकणाऱ्या नळातून गेले असेल? सेकंदाला एक थेंब पडतो असे धरा. १४ तासांत ५०,४०० थेंब होतील. २० थेंबांचा १ मिलिलिटर धरला, तर हे पाणी अवघे अडीच लिटर भरते. (तुमच्या नळाचा थेंब मोठा असू शकेल, औषधाच्या मापाने मोजून पाहा.) तेव्हा नळाला नवा वायसर बसवला, पाटीही रंगवली, तरी दुपारी टाकी रिकामीच राहिली असती. मला विचाराल तर, पहिल्या बैठकीत सल्ल्याला बंदी का, याचे कारण या दोन आकड्यांत आहे.

आता पुढच्या बैठकीत हे आकडे गटापुढे ठेवा. कोणीतरी विचारेल, ‘‘पाणी टाकीतून गळते की नळीतून?’’ त्यासाठी टाकीच्या तळाशी असलेली चावी रात्रभर बंद ठेवून पुन्हा मोजा. तरीही तितकीच पातळी उतरली तर भेग टाकीला. उतरायची थांबली तर गळती चावीच्या पुढे, कदाचित जमिनीखालच्या नळीत किंवा स्वच्छतागृहात. मग मुख्याध्यापकांकडे नुसती तक्रार न नेता आकड्यांची वही घेऊन जा, आणि दुरुस्तीनंतर पुन्हा एक रात्र मोजायला विसरू नका.

तुमच्या टाकीला झाकण नसेल, तर मात्र आणखी एक प्रश्न उरतो. उघड्या टाकीतील काही पाण्याची वाफही होते. ती गळतीपासून वेगळी कशी काढाल? न गळणारी एक बादली आणि एक मोजपट्टी एवढेच साहित्य पुरे. गटात विचार करा आणि करून पाहा.