पाऊल वळले की मन वळते



काही वर्षांपूर्वी रविवारच्या मिस्साला एक म्हातारी बाई यायची. मागच्या दाराजवळ, शेवटच्या बाकाच्याही मागे, खाली बसायची. तिच्या हातांची बोटे झडलेली होती. बाकावर जागा असायची, पण 'मावशी, इथे वर बसा' असे आमच्यापैकी एकानेही म्हटले नाही. शांतीचे अभिवादन करताना आम्ही डावीकडे वळायचो, उजवीकडे वळायचो, मागे मात्र वळत नव्हतो. आम्ही तिला कधी हाकलले नाही की टाकून बोललो नाही. त्यामुळे आपल्या मनात काही वाईट नाही, अशी आमची समजूत होती. पुढे ती यायची बंद झाली. चौकशी करावी म्हटले, तर तिचे नावही आम्हांला ठाऊक नव्हते.

'मन बदला म्हणजे जीवन बदलेल', असे आपण पुष्कळदा ऐकतो. पण मन बदलायचे कसे? नुसते बसून चांगले विचार केले की मन बदलते का? आपल्याच जिल्ह्यात जन्मलेल्या एका माणसाचे जीवन याचे उत्तर देते.

हिंगणघाटचे बाबा

मुरलीधर देवीदास आमटे यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी हिंगणघाट येथे एका सधन जमीनदार घराण्यात झाला. ते वकील झाले आणि शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याला वकिली करू लागले. तेथील नगरपालिकेचे ते उपाध्यक्षही होते. सफाई कामगारांचे दुःख कळावे म्हणून त्यांनी स्वतः मैल्याची टोपली डोक्यावर घेतली. एकदा रेल्वेत गोरे शिपाई एका स्त्रीची छेड काढीत होते, तेव्हा बाबा एकटे त्यांना आडवे गेले. हे कळल्यावर गांधीजींनी त्यांना 'अभय साधक' म्हटले.

एका पावसाळी दिवशी या अभय साधकाला गटाराच्या कडेला एक माणूस पडलेला दिसला. त्याचे नाव तुळशीराम. महारोगाने त्याची बोटे गेली होती, जखमांत किडे पडले होते. बाबा घाबरले आणि तेथून पळाले. शिपायांपुढे न डगमगलेला माणूस एका मरणासन्न रोग्याला पाहून पळाला!

त्यांनी मनात आणले असते तर ही गोष्ट ते विसरून जाऊ शकले असते. कुणी जाब विचारणार नव्हते. पण बाबा परत गेले. तुळशीरामवर आडोसा उभारला, त्याला खाऊ घातले आणि तो मरेपर्यंत त्याची सेवा केली. आधी भीती गेली आणि मग बाबा परतले, असे मात्र घडले नाही. भीती सोबत घेऊनच ते परतले. पाऊल आधी वळले, मन मागून आले.

पुढे १९४९ मध्ये त्यांनी कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये या रोगाचे शिक्षण घेतले. १९५१ च्या जूनमध्ये वरोऱ्याजवळच्या माळरानावर साधनाताई, दोन लहान मुले आणि सहा रोगी यांच्यासह आनंदवन सुरू झाले. तेथे रोगी भिकेवर जगले नाहीत. त्यांनी विहीर खणली, शेत पिकवले. सुरुवातीला त्यांची भाजी विकत घ्यायला गावचे लोक कचरत. पण काही वर्षांनी त्याच आनंदवनाच्या महाविद्यालयात गावची मुले शिकू लागली.

बाबांना सुखाचे आयुष्य लाभले, असे मात्र म्हणता येणार नाही. पाठीच्या दुखण्याने त्यांना वर्षानुवर्षे बसताही येत नव्हते. एक तर उभे राहायचे, नाहीतर आडवे पडायचे. पण ९ फेब्रुवारी २००८ रोजी आनंदवनातच त्यांनी देह ठेवला, तेव्हा ते जीवन रिकामे होते असे कोण म्हणेल? आरामाचे जीवन आणि भरलेले जीवन, यांत फरक आहे.

प्रभूने आधी हात पुढे केला

मार्ककृत शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात एक कुष्ठरोगी येशूकडे येतो. नियमशास्त्राप्रमाणे त्याने वस्तीबाहेर राहायचे होते. येशू त्याला दुरूनही बरे करू शकला असता. पण त्याने आधी हात लावला. रोग त्यानंतर गेला. शुभवर्तमानात आपण 'पश्चात्ताप' म्हणून वाचतो, त्यामागचा मूळ ग्रीक शब्द 'मेटानोइया' हा आहे. त्याचा अर्थ मन पालटणे असा होतो. नुसते वाईट वाटणे म्हणजे पश्चात्ताप नव्हे. उधळ्या पुत्राला आपली चूक कळली तेव्हा तो रडत बसला नाही. उठला आणि बापाच्या घराची वाट चालू लागला.

माहितीही हवी

आपल्या जिल्ह्याला हे काम नवे नाही. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहरजी दिवाण यांनी १९३६ साली कुष्ठसेवा सुरू केली. सेवाग्रामला १९३९ मध्ये परचुरेशास्त्री हा रोग घेऊन आले, तेव्हा गांधीजींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतले आणि स्वतःच्या हातांनी त्यांच्या अंगाला मालीश केले.

तेव्हा या रोगावर खात्रीचे औषध नव्हते. आज ते आहे. सहा किंवा बारा महिन्यांचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. औषध सुरू झाल्यावर रोगी लवकरच संसर्गमुक्त होतो. झडलेली बोटे मात्र परत येत नाहीत. ती जुन्या रोगाची खूण असते. अंगावर बधिर चट्टा दिसला तर लाजून लपवू नये, वेळीच दाखवावा. कुष्ठरोग झाला म्हणून घटस्फोट मागता येत असे. आपल्या ख्रिस्ती लोकांना लागू असलेल्या १८६९ च्या कायद्यातही ते कारण होते. २०१९ मध्ये ते काढून टाकण्यात आले. कायदा बदलला. आपण बदललो का?

या आठवड्यात

महारोगी हे एक उदाहरण झाले. प्रत्येकाचा एक तुळशीराम असतो. कुणासाठी तो अबोला धरलेला भाऊ असेल, कुणासाठी दारुडा शेजारी, कुणासाठी सासरहून परत आलेली पोर. म्हणून या आठवड्यात तीन गोष्टी करू या.

१. आपण कुणाला पाहून रस्ता बदलतो, हे प्रभूसमोर प्रामाणिकपणे आठवावे.

२. त्या व्यक्तीविषयी आपल्याला खरे किती ठाऊक आहे आणि ऐकीव किती, हे तपासावे. निदान नाव तरी माहीत करून घ्यावे.

३. मन तयार होईपर्यंत थांबू नये. एकदा त्यांच्या दारापर्यंत जावे. काय बोलावे सुचले नाही तर 'कसे आहात?' एवढे पुरे.

ती मावशी आम्हांला पुन्हा भेटली नाही. तिची क्षमा मागायची राहूनच गेली. पण मागचे दार अजून आहे आणि दर रविवारी तेथे कुणी ना कुणी उभे असते. येत्या रविवारी शांतीचे अभिवादन करताना आपण एकदा मागेही वळू या.