कर्ण जुळले, पण आयत झाला का?

दहावीला भूमितीच्या पेपरात 'पक्ष', 'साध्य', 'सिद्धता' हे शब्द पट्टीने अधोरेखित करून आपण सगळ्यांनीच मार्क मिळवलेत. इंजिनिअरिंगला आल्यावर मात्र तो प्रकार दप्तराबरोबर माळ्यावर जातो. इथे फॉर्म्युला असतो, कॅल्क्युलेटर असतो, आणि रीडिंग जुळत नसेल तर सीनिअरचं जर्नल असतं! सिद्धता हवी कोणाला? निदान साइटवर जाणाऱ्याला तरी हवी.

घराचं लाइन-आउट करताना चार खुंट्या ठोकतात, दोरी ताणतात आणि दोन्ही कर्ण टेपने मोजतात. सारखे आले की फक्की मारायची. 'कर्ण सारखे म्हणजे चारही कोपरे काटकोनात' असं वायवातही छातीठोकपणे सांगितलं जातं. पण शाळेत शिकलो ते उलट होतं: आयत असेल तर कर्ण सारखे. 'कर्ण सारखे असतील तर आयत' हा त्याचा व्यत्यास झाला, आणि विधान खरं म्हणून व्यत्यास खरा असतोच असं नाही. होस्टेलवरचा प्रत्येक जण मेसच्या भाजीबद्दल कुरकुरतो. म्हणून कुरकुरणारा प्रत्येक जण होस्टेलवर राहतो का? काही सरही कुरकुरतात, आणि ते राहतात क्वार्टर्समध्ये.

आता आकडे घ्या. अबकड हा प्लॉट. पुढची बाजू अब 30 फूट, मागची बाजू डक चुकून 29 फूट, दोन्ही बाजूंच्या भिंती अड आणि बक 40-40 फूट. मागची बाजू पुढच्या बाजूला समांतर आहे आणि दोन्हीकडून अर्धा-अर्धा फूट आत आली आहे. दोन्ही कर्ण साधारण 49.7 फूट, अगदी सारखे! कोपरे मात्र पुढे 89.3 अंशांचे आणि मागे 90.7 अंशांचे. डोळ्यांना हे कळणार नाही. कळेल ते फरशी बसवताना, कडेच्या ओळीला पाचरीसारखे तुकडे कापावे लागतील तेव्हा.

मग काय मोजलं म्हणजे आयत पक्का? समोरासमोरच्या बाजूंच्या दोन्ही जोड्या सारख्या आणि कर्णही सारखे. हे पाठ करण्यापेक्षा सिद्धता बघू, कारण कुठलं माप कशासाठी घेतलं ते तिथेच कळतं.

त्रिकोण डअब आणि त्रिकोण कबअ घ्या. अड = बक, अब ही सामाईक बाजू, बड = अक. बाबाबा कसोटीने त्रिकोण एकरूप, म्हणून कोन अ = कोन ब. इथपर्यंत आपला बिघडलेला प्लॉटही बरोबर येतो. त्याचेही पुढचे दोन्ही कोन सारखेच आहेत. पुढची पायरी बघा. अब = डक हेही असेल तर समोरासमोरच्या बाजू सारख्या, म्हणजे चौकोन समांतरभुज. म्हणून अड आणि बक समांतर, आणि कोन अ व कोन ब या आंतरकोनांची बेरीज 180. सारखे आहेत आणि बेरीज 180, म्हणजे प्रत्येकी 90. समोरचे कोनही तेवढेच. आपला प्लॉट अडतो तो बरोबर इथे: 30 आणि 29 मुळे समांतरपणा गेला, बेरीज 180 राहिली नाही. (मेकॅनिकलवाले म्हणतील की फोर-बारच्या समोरासमोरच्या लिंका सारख्या असूनही तो क्रॉस होऊ शकतो. मान्य. पण घराच्या भिंती एकमेकींना छेदत नाहीत.)

टेपने एक प्लॉट तपासला जातो. वरच्या पाच-सहा ओळींनी 30 बाय 40 पासून फुटबॉलच्या मैदानापर्यंत सगळे आयत एकदमच तपासले. दिलेल्या गोष्टींवरून अशा पायऱ्यांनी निष्कर्षाकडे जाणं म्हणजे निगमन. शंभर प्लॉट मोजून अंदाज बांधणं हे निगमन नव्हे.

गवंडी गुण्या न वापरता 3-4-5 ने कोपरा काढतो, तेव्हा आपण म्हणतो, 'बघा, पायथागोरस!' खरं तर तो पायथागोरसचा व्यत्यास. प्रमेयाची सुरुवातच काटकोनापासून होते, आणि गवंड्याकडे काटकोन अजून आलेलाच नाही. युक्लिडने ही दोन विधानं वेगवेगळी सिद्ध केली: पहिल्या पुस्तकात 47 वं प्रमेय आणि लगेच 48 वा त्याचा व्यत्यास. त्या व्यत्यासाची युक्ती सुंदर आहे. शेजारी एक खराखुरा काटकोन त्रिकोण काढा, काटकोन करणाऱ्या बाजू 3 आणि 4. मूळ प्रमेयाने त्याचा कर्ण 5. आता दोन्ही त्रिकोणांच्या तिन्ही बाजू सारख्या, पुन्हा बाबाबा, म्हणून गवंड्याचा कोनही 90. प्रमेयाच्याच खांद्यावर उभं राहून व्यत्यास मिळाला.

आता एक प्रश्न, रात्री मेसमधून परत येताना सोडवायला. चौकोनी खोलीचे तीन कोपरे गुण्याने तपासले आणि बरोबर निघाले. चौथा तपासायला हवा का? उत्तर कारणासकट द्या, टेपला हात न लावता.