मनू, ती फाईल घेऊन ये

मनू, रविवारी सुखना तलावाच्या काठाने चालताना तू बाकावर बसलीस, तेव्हा मी काही बोलले नाही. तू म्हणालीस, बुटाची नाडी सुटली. नाडी बांधलेलीच होती गं. तू बाकाची कड घट्ट धरली होतीस आणि तोंडाने श्वास घेत होतीस. मागून काठी टेकत येणारे सत्तरीचे सरदारजी आपल्याला ओलांडून पुढे गेले. बाबा आठवले मला. हृदयविकाराच्या पहिल्या झटक्याआधी वर्षभर तेही जिन्यात असेच थांबायचे, चप्पल नीट करायच्या निमित्ताने. आपल्यापैकी कुणी त्यांना काही विचारलं नाही. तुला मी विचारणार आहे.

घरी आल्यावर तू म्हणालीस, "तपासण्या करीन ताई, पण या महिन्यात पिंट्याची फी आहे." हे ऐकून मला फार वाईट वाटलं. कारण तुझ्या तपासणीचे पैसे तू आधीच भरलेले आहेस. चार वर्षं तू आरोग्य विम्याचा हप्ता भरतेस. त्या पॉलिसीचं पुस्तक कधी उघडलंस? बहुतेक पॉलिसींमध्ये आत कुठेतरी वार्षिक हेल्थ चेक-अपची ओळ असते. कुठे दरवर्षी, कुठे एक-दोन वर्षं झाल्यावर, कुठे ठरावीक रकमेपर्यंत. त्या वर्षी वापरली नाही तर ती सहसा पुढे जमा होत नाही, वाया जाते. कंपनीला फोन लाव आणि तीन गोष्टी विचार: माझी तपासणी कधीपासून लागू, कुठल्या लॅबमध्ये, आणि त्यात नेमकं काय काय. मंजुरी आधी घे. मी एकदा घाईत परस्पर जाऊन आले आणि मग पैसे परत मिळाले नाहीत.

तुझ्या मनात दुसरीही भीती आहे, मला माहीत आहे. काही निघालं तर पॉलिसी बंद करतील. नाही करत. पॉलिसी घेतल्यानंतर आजार निघाला किंवा क्लेम केला म्हणून कंपनीला नूतनीकरण नाकारता येत नाही. हां, नवी पॉलिसी घेताना किंवा रक्कम वाढवताना मात्र निघालेलं सगळं खरं सांगायचं. आधीपासूनच्या आजारासाठी थांबावं लागतं, पण २०२४ पासून ती मुदत जास्तीत जास्त तीन वर्षांची केली आहे. न तपासता राहण्यात तुझं काहीच वाचत नाही.

आता कराचं. आयकरात प्रतिबंधात्मक तपासणीसाठी पाच हजारांपर्यंत वजावट मिळते, २०१२-१३ पासून. तू, भाऊजी, मुलं आणि आई मिळून पाच हजार, प्रत्येकी नव्हे. आणि ते विम्याच्या हप्त्यासाठीच्या पंचवीस हजारांच्या मर्यादेच्या आतच, वेगळे नाहीत. वीस टक्क्यांच्या टप्प्यात असशील तर उपकरासकट १,०४० रुपये वाचतात, तीस टक्क्यांत १,५६०. विम्याचा हप्ता रोखीने भरला तर वजावट जाते, तपासणीचे पैसे मात्र रोख दिले तरी चालतात. पण तुझ्या ऑफिसने तुला नव्या करपद्धतीत टाकलं असेल, कारण आता तीच आपोआप लागू होते. तिथे ही वजावट नाही. तेव्हा या १,०४० साठी जुन्या पद्धतीत जाऊ नकोस, आधी दोन्ही हिशेब मांडून बघ. आणि जे पैसे विमा कंपनीने दिले, ते आपण खर्च केले असं दाखवायचं नाही.

पावतीची एक गोष्ट. मागच्या वर्षी मी एका लॅबमध्ये रोख भरले, चकचकीत कागदावरची पावती मिळाली, ती मी कपाटाच्या दाराला चिकटवली. मार्चमध्ये काढली तर कागद पांढराफटक, नावाचा फक्त "सु" उरलेला. लॅबवाले म्हणाले, जुनं बिल निघणार नाही. तेव्हापासून मी पावती हातात पडताक्षणी फोटो काढते आणि फोटो स्वतःला मेल करते. तूही कर.

आईचं वेगळं आहे. ती साठीच्या पुढची, विमा नाही. जुन्या पद्धतीत असलेल्या मुलाने वा मुलीने तिचा औषधपाण्याचा खर्च केला तर पन्नास हजारांपर्यंत वजावट मिळते, फक्त तो रोख नको. तो मी माझ्याकडे घेते, तू चिंता करू नकोस.

न्यू जर्सीचा आपला दादा सांगत होता, अमेरिकेत आरोग्यासाठीच एक वेगळं बचत खातं असतं. करमुक्त पैसे साठवायचे, आजारपणासाठी आणि तपासण्यांसाठी काढायचे, उरले तर पुढे जातात. २००४ पासून आहे. जिमच्या वर्गणीचं बिल मात्र तिथेही चालत नाही, डॉक्टरांनी एखाद्या आजारावरचा उपाय म्हणून लिहून दिल्याशिवाय. आपल्याकडे तसं खातं नाही. मग आपणच करू. मी महिना पाचशेचं आवर्ती खातं फक्त माझ्या नावाने उघडलंय. घरात कुणी विचारलं तर सांगते, हे माझ्या गुडघ्यांचे आणि काळजाचे पैसे आहेत. फ्रिज बिघडला तरी त्याला हात लावत नाही.

आणि हे पैसे नव्याण्णव तपासण्यांच्या पॅकेजवर उडवू नकोस. त्या जवळपास सगळ्या रक्ताच्या. रक्तातून साखर कळते, चरबी कळते, थायरॉइड कळतो. तू किती चालू शकतेस हे त्यातून कळत नाही. जिममधल्या चरबी-स्नायू मोजणाऱ्या, उभं राहायच्या यंत्राचा कागदही मला पुरेसा वाटत नाही. बाबांचा इतिहास आणि तुझी धाप घेऊन आधी डॉक्टरकडे जाऊ, मग ते सांगतील ट्रेडमिल टेस्ट करायची की नाही. मी केली आहे. छातीला दहा चिकट पट्ट्या लावतात, आधी हळू, ताशी पावणेतीन किलोमीटर, पण पट्टा चढणीवर असतो. दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ दोन्ही वाढतात. बाजूला तंत्रज्ञ उभी असते, तिच्यासमोर ईसीजीची रेघ पळत असते. मी तिसऱ्या टप्प्यात थांबवा म्हटलं, लगेच थांबवलं. आणि छातीत दुखलं, हात जड झाला, घाम फुटला, तर यातलं काहीही नाही. सरळ सेक्टर ३२ च्या रुग्णालयाच्या इमर्जन्सीत जायचं आणि वाटेत मला फोन करायचा.

तोवर घरी एक कर. सकाळी अंथरुणातून उठण्याआधी मनगटावर बोटं ठेवून मिनिटभर ठोके मोज. सात दिवस लिहून ठेव. मग एक खुर्ची घे, हात छातीवर बांध आणि तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उठून बसतेस ते मोज. हे फुकट आहे, आणि डॉक्टरांना दाखवायला आकडे हातात असतात. बीपी आणि साखरेसाठी तुझ्या घराजवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरातही तपासतात, तिशीच्या पुढच्यांना, पैसे न घेता.

रक्ताच्या तपासणीला शनिवारी जाऊ, मी सुट्टी घेतली आहे. शुक्रवारी रात्री नऊला जेव, नंतर फक्त पाणी. सकाळी सात वाजता मी खाली गाडी घेऊन उभी असेन. ती निळी फाईल घे, बाबांचे पीजीआय रुग्णालयाचे कागदही त्यातच आहेत. रक्त दिलं की सेक्टर ३५ मध्ये आपण दोघी पराठा खाऊ.