तांब्याची चित्रकथा काढणाऱ्या पुतण्यास

चि. माधव यास,

तांब्याचा इतिहास व उपयोग मुलांना चित्रकथेतून सांगण्याचा तुझा मनसुबा मला पसंत आहे. मात्र तू तांब्यालाच हातपाय व वाचा देऊन स्वतःच्या पराक्रमाचे व्याख्यान करावयास लावले आहेस, ते मला रुचले नाही. जे चित्राने साधते ते संवादावर कशाला सोपवावे? कोळशाच्या धगीत घातलेल्या मॅलाकाइटच्या हिरव्या दगडातून, भात्याच्या वाऱ्यासरशी, लाल धातू उतरतो, हे स्थित्यंतर तीन चौकटींत निःशब्द दाखव. दायमाबादला १९७४ साली सापडलेला बैलांचा रथ सारथ्यासह हुबेहूब काढ, पण त्याखाली एकच सन ठोकून देऊ नकोस. त्या शिल्पाच्या काळाविषयी विद्वानांचे एकमत नाही. ताम्रपट काढताना पत्रे ओवणारी कडी आणि तिच्यावरील राजमुद्रा विसरलास, तर ती सनद न राहता नुसता पत्रा राहील.

तुझ्या यादीत नसलेला, पण मला सर्वांत चित्रमय वाटणारा प्रसंग फ्रान्समधील बोर्दो परगण्यातला आहे. रस्त्याकडेच्या द्राक्षांना वाटसरूंचे हात लागू नयेत म्हणून बागाईतदार मोरचूद, म्हणजे तांब्याचाच क्षार, व चुना यांचे निळसर मिश्रण वेलींवर शिंपडीत. अमेरिकेतून आलेल्या केवडा रोगाने आतले मळे झडले असता हेच वेल हिरवे राहिले, हे मिलार्दे नामक वनस्पतिशास्त्रज्ञाच्या ध्यानी आले आणि १८८५ साली त्याने तो उपाय प्रसिद्ध केला. चोरांसाठी योजिलेला उपाय रोगावर लागू पडावा, यापरती गंमत कल्पनेने रचता येणार नाही. आणि आपल्या नाशिककडील द्राक्षबागाईतदारही हे मिश्रण ‘बोर्डो मिश्रण’ या नावाने ओळखतो.

तांब्याच्या भांड्यातील पाण्याने सर्व व्याधी हटतात, हे पान मात्र निखालस काढून टाक. त्याऐवजी पितळी पातेल्यातले ताक कळकते कसे आणि कथलाची कल्हई ते कसे टाळते, हे दाखव. पितळेतही तांबेच असते, हेही तेथेच सांगून होईल.

चित्रे छापखान्यात धाडण्यापूर्वी पुण्याच्या तांबट आळीतील एखाद्या मठारकाम करणाऱ्या कारागिराला अवश्य दाखव. हातोडी कशी धरतात, ठोक्यांनी ताठर झालेला पत्रा पुन्हा तापवावा का लागतो, याचा तपशील त्याच्याकडून समजून घे, तो सांगेल तेथे रेषा बदल, आणि मग प्रत मजकडे पाठव.

तुझा,
काका